जुन्या ट्रॅक्टरची तेलगळती

शेतावर वीस-पंचवीस वर्षे राबलेला ट्रॅक्टर रात्रभर एका जागी उभा राहिला, की सकाळी त्याच्याखाली तेलाचा एखादा काळा डाग दिसतोच. हा डाग मालकाच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की त्याचे त्याला काही वाटेनासे होते. म्हाताऱ्या माणसाला खोकला, तशी जुन्या इंजिनाला गळती, अशी मनाची समजूत घालून तो रोज तेलाचा डबा उचलतो आणि जेवढे कमी झाले तेवढे भरून टाकतो. याच्या उलट काही शेतकरी डाग दिसताच घाबरून जातात आणि मिस्त्रीने 'इंजिन खोलावे लागेल' असे म्हणताच होकार देऊन बसतात. पहिल्याचे आधी तेल जाते आणि कालांतराने इंजिन जाते. दुसऱ्याचे पैसे जातात, आणि कित्येकदा गळती जागच्या जागी राहते. या दोहोंमधला एक मार्ग आहे. तो चार पाने, थोडे रॉकेल, चिंध्या आणि सबुरी एवढ्या भांडवलावर चालता येण्याजोगा आहे. गळती बुजविण्यापूर्वी ती नेमकी कोठून सुरू होते हे शोधून काढणे, हाच तो मार्ग होय.

प्रथम या थेंबांचा हिशेब पाहावा. तेलाचे साधारणतः वीस ते पंचवीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला ३,६०० थेंब, म्हणजे दीडशे मिलिलिटरांच्या आसपास तेल जाते. आठ तासांच्या नांगरटीत हाच आकडा सव्वा लिटरावर पोहोचतो. ज्या इंजिनाच्या चेंबरमध्ये सहा-सात लिटर तेल मावते, त्याचा पाचवा-सहावा हिस्सा एका दिवसात मातीत जातो. सकाळी तेल पाहिले म्हणून निश्चिंत राहिलेला मालक संध्याकाळी उतारावर नांगर ओढत असतो, आणि त्याच वेळी चेंबरमधील पंपाच्या तोंडी तेलाऐवजी हवा येऊ लागते. बेअरिंगांना काही क्षण तेल मिळाले नाही तरी त्यांना ओरखडे पडतात. क्रँकशाफ्ट घासून घेण्याचा खर्च हा अनेक वर्षांच्या तेलाच्या खर्चाहून मोठा असतो.

याशिवाय दुसरेही नुकसान आहे. क्लचच्या प्लेटला तेल लागले की ती घसरू लागते. रबराच्या नळ्या तेलाने फुगतात व मऊ पडतात. तेलावर धूळ बसून तिचा जाड थर झाला की इंजिनाची उष्णता बाहेर पडत नाही. आणि मळणीच्या दिवसांत, चोहीकडे भुसा उडत असताना, तापलेल्या सायलेन्सरजवळचे तेलकट इंजिन म्हणजे आगीला निमंत्रणच होय.

तेलाचा प्रवास

तेल बाहेर का येते हे समजण्यासाठी ते आत कसे फिरते हे ठाऊक असले पाहिजे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधून पंप तेल ओढून घेतो आणि फिल्टरमधून गाळून मुख्य वाहिनीत ढकलतो. तेथून ते क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगांना मिळते, आणि एक बारीक धार वर टॅपेटांपर्यंत जाते. इंजिन तापून कामाच्या वेगाने फिरत असताना या मार्गातील दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला २ ते ४ किलोग्रॅम असतो. आपले काम आटोपून हेच तेल बिनदाबाने, केवळ आपल्या वजनाने, भिंतींवरून ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येते.

या दोन वाटांवरून गळतीचेही दोन प्रकार होतात. दाबाच्या वाटेवरील गळती जोरदार असते. इंजिन चालू असताना तेथून चिळकांडी उडते व इंजिन बंद होताच ती थांबते. परतीच्या वाटेवरील गळती म्हणजे पाझर असतो. तो हळूहळू पसरतो व धूळ गोळा करतो. पहिला प्रकार दिसण्यास सोपा असला तरी अधिक धोक्याचा आहे, कारण त्यात चेंबर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. गळतीचा आणखी एक निराळा वर्ग आहे. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना, अंगावरचे तेल निथळून गेल्यानंतरही जो थेंब पडत राहतो, तो बहुधा चेंबरमधील तेलाच्या पातळीखालच्या जागेतून येतो. अशा वेळी तेल काढण्याचे बूच किंवा चेंबरचे पॅकिंग यांच्यावर पहिला संशय घ्यावा.

तेल अडवून धरणाऱ्या वस्तू मुख्यतः दोन. जेथे दोन स्थिर भाग एकमेकांवर बसतात तेथे कॉर्कचे, कागदाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. जेथे फिरता दांडा बाहेर येतो तेथे ऑइल सील असते. उष्णतेने कॉर्क वाळतो व आकसतो, रबर कडक होते, कंपनाने बोल्ट सैल पडतात, आणि सीलची कड वर्षानुवर्षे एकाच जागी घासल्याने दांड्यावर खाच पडते. ही झीज स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळशा गळती माणसाने केलेल्या असतात. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्याने पत्र्याचे कव्हर वाकते, पॅकिंग मधोमध चिरडले जाते, आणि मग जेवढे अधिक आवळावे तेवढी गळती वाढते.

आधी स्वच्छता, मग शोध

तेलाचा थेंब जेथे पडतो तेथे तो निघालेला असतोच असे नाही. पाणी छपराला एका जागी शिरते व वाशावरून वाहत जाऊन भलत्याच कोपऱ्यात ठिबकते, तसेच हे आहे. त्यात पंख्याचा वारा पुढचे तेल मागे नेतो. तेलाने माखलेल्या इंजिनाकडे पाहून गळतीची जागा सांगणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला, तरी तो अंदाजच करीत असतो.

म्हणून इंजिन गार झाल्यावर प्रथम ते धुवावे. हवा घेण्याचे तोंड, डायनामो व स्टार्टर प्लास्टिकने झाकून, बॅटरीची तार सोडून, रॉकेल व ब्रश यांनी मळ सोडवावा. कोपऱ्यातील खरपुडी लाकडाच्या पट्टीने खरवडावी. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन सर्व भाग पूर्ण वाळू द्यावा. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे किंवा रॉकेल शिंपडणे, दोन्ही टाळावे. इंजिन वाळले की संशयाच्या सर्व सांध्यांवर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि ट्रॅक्टरखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून कोणता कागद कोणत्या भागाखाली आहे ते त्यांवर लिहून ठेवावे.

मग इंजिन सुरू करून पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावे आणि विजेरी घेऊन वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या भुकटीवर पहिली काळी रेघ जेथे उमटेल तेथे गळतीचा उगम आहे. या वेळी धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा सदऱ्याची सैल बाही पंख्याच्या जवळ जाऊ देऊ नये. डिझेलच्या दाबनळीतून बारीक फवारा उडत असेल तर तो हाताने चाचपू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते व हात गमावण्याची पाळी येते. पंधरा मिनिटांत काही दिसले नाही तर तासभर भार ओढून पुन्हा पाहावे, कारण काही गळती इंजिन पूर्ण तापल्यावरच सुरू होते.

पडलेला थेंब कशाचा आहे, हेही पारखून घ्यावे. डिझेल इंजिनाचे तेल बदलल्यावर थोड्याच तासांत काळे होते. गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेल मधासारखे, आणि त्यात पाणी शिरले असल्यास दुधट असते. डिझेल कागदावर चटकन पसरते, पातळ डाग पाडते व वासावरून ओळखू येते. एवढी पारख न केल्यामुळे गिअरपेटीच्या गळतीसाठी इंजिन खोलल्याचे प्रकार घडतात.

श्वासाची वाट

गळतीची जागा सापडली तरी लगेच पाना हातात घेऊ नये. त्याआधी ब्रीदर पाहावा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडण्यासाठी टॅपेट कव्हरजवळ किंवा इंजिनाच्या अंगाला एक नळी अथवा जाळीचे टोपण दिलेले असते, तोच ब्रीदर. ही वाट धुळीने व तेलाच्या साक्याने बंद झाली, किंवा कुंभारमाशीने नळीत मातीचे घर केले, की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून गळती सुरू झाली असेल तर सर्व पॅकिंगे एकाच दिवशी म्हातारी झाली असे मानण्यापेक्षा ब्रीदर तुंबला असे मानणे शहाणपणाचे. तो काढून रॉकेलमध्ये धुवावा, वाऱ्याने स्वच्छ करावा व परत बसवावा. या उपायाला जवळजवळ खर्च नाही.

ब्रीदर स्वच्छ असूनही आत दाब असेल तर दोष रिंगांचा असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. तापलेले इंजिन मंद चालू ठेवून तेल ओतण्याचे टोपण काढावे. थोडी वाफ येत असेल तर ते स्वाभाविक आहे. पण इंजिनाच्या ठोक्याबरोबर धुराचे जोरदार लोट येत असतील, तर रिंगा व सिलिंडर झिजलेले आहेत. अशा इंजिनाला कितीही उत्तम पॅकिंग बसविले तरी ते फार काळ टिकणार नाही. त्याचे दुखणे निराळे आहे आणि त्याचा उपचारही निराळा.

तेलाची पातळीही याच वेळी तपासावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी काढून पाहावी. तेल वरच्या खुणेच्या वर असेल तर क्रँक ते घुसळते व सीलवर फेकते. तेल घातले नसतानाही पातळी वाढत असेल तर ती धोक्याची सूचना समजावी. डिझेल पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा फाटला, किंवा मुख्य पंपाच्या दांड्याचे सील गेले, की डिझेल चेंबरमध्ये उतरते. मग तेल पातळ होऊन गळते, आणि बेअरिंगांचे रक्षणही करीत नाही. पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर दोष काढून, तेल व फिल्टर बदलल्याखेरीज इंजिन चालवू नये.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

दुरुस्तीचा क्रम वरून खाली असावा, कारण वरची गळती खालच्या सर्व भागांना कलंकित करते.

सर्वांत वर टॅपेट कव्हर. त्याचे पॅकिंग बहुधा कॉर्कचे असते. कव्हर काढून जुन्या पॅकिंगचा कणन् कण खरवडावा. मात्र खरवड आत पडू देऊ नये. कव्हरची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. बोल्टांच्या भोकांभोवती ती खाली दबलेली दिसली तर लाकडावर ठेवून हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी सरळ करावी. नवे पॅकिंग चिकटद्रव्याने फक्त कव्हरच्या बाजूला चिकटवावे. दुसरी बाजू कोरडी राहिली म्हणजे पुढच्या खेपेस कव्हर काढताना पॅकिंग फाटत नाही. बोल्ट आधी बोटांनी व मग पान्याने थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. कॉर्क किंचित दबला की थांबावे.

त्यानंतर बाहेरच्या नळ्या. दाब दाखविणाऱ्या काट्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी कंपनाने चिरते व तिच्यातून दाबाचे तेल उडते. ती नळी पत्र्याला घासत असेल तर चिमटा लावून घट्ट बसवावी. चिरलेली असल्यास बदलावी. जोडावरील तांब्याचे वॉशर जुने झाल्यावर कडक होतात. ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ पडतात, आणि पॉलिश पेपरने साफ करून परत वापरता येतात. खेड्यात नवे वॉशर मिळाले नाहीत तर ही युक्ती उपयोगी पडते.

फिल्टरची गळती बहुधा तेल बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसते. जुन्या वाटीच्या फिल्टरमध्ये रबराची रिंग वरच्या खाचेत बसते. फिल्टर बदलणारा नवी रिंग घालतो, परंतु जुनी रिंग काळी पडून खाचेतच चिकटून राहिली आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. एकावर एक बसलेल्या दोन रिंगा दाबाखाली सरकतात आणि तेलाची धार लागते. फिल्टर काढल्यावर खाच टोकदार काडीने खरवडून पाहावी, आणि इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटे तेथे नजर ठेवावी.

समोर, क्रँकच्या पुलीमागे, टायमिंग कव्हरचे सील असते. ते गळू लागले की पुली तेल गोलाकार फेकते व पंखा ते सबंध इंजिनावर उडवितो. पुलीच्या रेषेत तेलाचे वर्तुळ दिसले तर हेच कारण समजावे. हे सील बदलताना पुली काढावी लागते, आणि काही ट्रॅक्टरांत त्यासाठी रेडिएटर व पुढील भागही सोडावा लागतो. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, तेलाकडे ठेवावी. ते सरळ रेषेत ठोकावे. कडेला तेल लावावे. पुलीच्या दांड्यावर नखाला जाणवेल एवढी खाच पडलेली असेल तर नवे सील त्याच खाचेवर बसवून उपयोग नाही. त्यावर पातळ धातूची बाही चढवावी, किंवा जागा असल्यास सील किंचित आत-बाहेर बसवावे.

तळाशी बूच व चेंबर. बुचाचे वॉशर बदलावे व त्याचे आटे तपासावेत. चेंबरच्या पॅकिंगमधून पाझर असेल तर प्रथम सर्व बोल्ट क्रमाने हलकेच आवळून पाहावेत. एवढ्यानेच पुष्कळदा काम भागते.

मागचे सील

आता सर्वांत खर्चाची गळती राहिली. इंजिन व गिअरपेटी जेथे एकमेकांना जोडलेली असतात त्या घंटेच्या आकाराच्या भागाच्या तळाशी एक भोक असते. कित्येक ट्रॅक्टरांत, विशेषतः फर्ग्युसन जातीच्या ट्रॅक्टरांत, या भोकात एक सैल स्प्लिट पिन लोंबत असते. ती कोणी विसरून ठेवलेली नसते. ट्रॅक्टर हलला की ती हलते आणि भोक मातीने बुजू देत नाही. या पिनेवरून तेल ठिबकू लागले की आत काहीतरी गळत आहे असे समजावे. हे भोक लाकडाची खुंटी मारून बंद करणारे महाभाग असतात. त्यांचे तेल बाहेर पडायचे थांबते, पण आत साचून क्लच निकामी करते.

परंतु येथेही घाई नको. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत त्याच सांध्यात शिरते आणि त्याच भोकातून खाली पडते. पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचे वाटते. एका साध्या कॉर्कच्या पट्टीचा दोष असताना सबंध ट्रॅक्टर दुभंगला जातो तो याच ठिकाणी. म्हणून वरचे कव्हर कोरडे आहे अशी खात्री पटल्यावाचून मागच्या सीलला हात लावू नये. थेंब मधाच्या रंगाचा असेल तर दोष गिअरपेटीच्या पुढच्या सीलचा, काळा असेल तर इंजिनाचा.

हे सील बदलणे अवघड का, याचे कारण ट्रॅक्टरच्या रचनेत आहे. ट्रकला चौकट असते व इंजिन तिच्यावर बसलेले असते. बहुतेक शेती-ट्रॅक्टरांना तशी चौकट नसते. इंजिन, गिअरपेटी व मागचा धुरा एकमेकांना बोल्टांनी जोडून त्यांचाच कणा बनविलेला असतो. मागच्या सीलपर्यंत पोहोचायचे म्हणजे हा कणा मधोमध सोडवावयाचा.

उदाहरणादाखल मॅसी फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर घेता येईल. इंग्लंडातील पीटरबरो येथील पर्किन्स कारखान्याचे तीन सिलिंडरांचे डिझेल इंजिन त्याला १९५९ पासून बसविले जाऊ लागले. या इंजिनाच्या ३·१५२ या नावातच त्याची ओळख आहे : तीन सिलिंडर आणि १५२ घनइंच, म्हणजे सुमारे अडीच लिटर आकारमान. पुढे मद्रास येथे १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे या कंपनीने याच घराण्याचा १०३५ हा ट्रॅक्टर भारतात आणला, आणि माळव्यापासून बेळगावपर्यंतच्या शेतांत तो परिचित झाला. या घराण्याच्या जुन्या इंजिनांत मागचे सील आजच्यासारखे रबरी कडीचे नव्हते. क्रँकच्या मागच्या टोकावर तेल परत आत लोटणारे मळसूत्र कोरलेले असे, आणि त्याभोवती दोन अर्ध्या कड्यांमध्ये ॲस्बेस्टॉसची विणलेली दोरी बसविलेली असे.

ही दोरी बसविण्यात कारागिराची कसोटी लागते. ती खाचेत आधी दोन्ही टोकांकडून व मग मध्याकडे दाबत, गोल दांड्याने लाटून पक्की बसवावी लागते. तिची टोके कडीच्या तोंडापासून सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली पाहिजेत. म्हणजे दोन अर्धुके आवळल्यावर ती एकमेकांवर दाबली जातात. टोके सपाट कापली तर सांध्यातून तेल येते. फार लांब ठेवली तर अर्धुके एकमेकांवर नीट बसत नाहीत. दोरीला ग्राफाइट ग्रीस लावावे. जुनी दोरी व क्लचची जुनी प्लेट यांची धूळ फुंकून वा वाऱ्याने उडवून देऊ नये; ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन घातक रोग जडतात. ती धूळ ओल्या चिंधीनेच पुसावी.

नवे सील बसविण्याआधी क्रँकशाफ्ट वर-खाली हलतो का, हे पाहणे अगत्याचे आहे. मुख्य बेअरिंग झिजलेले असेल तर हलता दांडा नव्या सीललाही थोड्याच दिवसांत घासून टाकतो. ट्रॅक्टर एकदा दुभंगलाच आहे, तर क्लचची प्लेट, तिचे बेअरिंग आणि गिअरपेटीचे पुढचे सील हेही त्याच वेळी तपासून घ्यावे. या कामात खर्च मुख्यतः मजुरीचा असतो. त्या छोट्या भागांसाठी तोच कणा वर्षभरात दुसऱ्यांदा सोडविणे परवडत नाही.

हे काम एकट्याने करू नये. मागची चाके अडवून, पुढच्या धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात. अन्यथा सुटे झालेले इंजिन धुऱ्याच्या मधल्या खुंटीवर एका अंगाला कलंडते. गिअरपेटीखाली व इंजिनाखाली भक्कम ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही, क्षणभरासुद्धा, शिरू नये.

टाळावयाच्या गोष्टी

गळती थांबावी म्हणून ठरलेल्यापेक्षा जाड तेल घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. जाड तेल कमी गळते हे खरे, पण थंडीच्या सकाळी ते बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढविते. कारखान्याच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच तेल वापरावे. गळती बंद करणारी म्हणून विकली जाणारी औषधे रबर थोडे फुगवितात. त्यांनी कडक झालेल्या सीलचा पाझर काही काळ कमी होईल. पण फाटलेले पॅकिंग किंवा झिजलेला दांडा त्यांनी बरा होत नाही. तसेच नळीतील चिकट सिलिकॉन बोटभर जाड थापून कव्हर बसवू नये. आत दाबले गेलेले त्याचे तुकडे सुटून पंपाच्या जाळीत अडकतात, आणि गळती थांबविण्याच्या नादात तेलच थांबते.

काढलेले काळे तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासविते. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे. वापरलेले तेल कातडीलाही अपायकारक असते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रत्येक गळती त्याच दिवशी दुरुस्त केलीच पाहिजे असेही नाही. सांध्यावर नुसता ओलावा असेल, थेंब पडत नसेल आणि पट्टीवरील पातळी आठवड्याला जेमतेम हलत असेल, तर ते पुसून लक्ष ठेवणे पुरेसे आहे. मागच्या सीलचा संथ पाझर असेल व क्लच कोरडा असेल, तर ऊसवाहतुकीच्या किंवा पेरणीच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर दुभंगण्याऐवजी, रोज सकाळ-दुपार तेल पाहून हंगाम पार पाडावा आणि पावसाने काळ्या रानात चाक घालणे अशक्य झाले म्हणजे काम काढावे. परंतु दाबाच्या वाटेवरील गळती, पट्टीवर चढणारी पातळी आणि घसरू लागलेला क्लच, या तीन गोष्टी हंगामाची वाट पाहत नाहीत. तेथे ट्रॅक्टर त्याच जागी उभा करावा.

यासाठी एक साधी वही फार उपयोगी पडते. कोणत्या तारखेस किती तेल घातले आणि ट्रॅक्टर किती तास चालला, एवढेच तीत लिहावे. महिन्याभराने त्या आकड्यांवरून गळती स्थिर आहे की वाढते आहे हे कळते, आणि दुरुस्तीचा निर्णय घेण्यास आधार मिळतो. मिस्त्रीकडे जातानाही 'इंजिन गळते' असे मोघम न सांगता, 'टॅपेट कव्हर कोरडे आहे, ब्रीदर साफ केला आहे, तेल काळे आहे आणि तासाला इतके जाते' असे सांगणाऱ्या मालकाचे इंजिन उगाच खोलले जाण्याचा संभव फार थोडा. जुना ट्रॅक्टर अजून पुष्कळ वर्षे काम देऊ शकतो. त्याच्या मालकाने दर वेळी स्वस्त कारणापासून महाग कारणाकडे जावे, एवढीच अट आहे.